हेशेनच्या वाड्याची अर्धीच गोष्ट

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बीजिंगमधील राजपुत्र गोंगच्या वाड्यावरील आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. चियेनलोंग सम्राटाचा मर्जीतला मंत्री हेशेन, त्याची लाचखोरी आणि १७९९ मध्ये सम्राट वारल्यावर पंधराच दिवसांत त्याच्या हाती आलेला रेशमी फास, हे लेखकाने रंगवून सांगितले आहे. पण हेशेनबरोबर लेखही संपतो, आणि वाडा आजवर टिकला कसा, हे वाचकाला कळत नाही.

हेशेनवरील वीस आरोपांपैकी एक या वास्तूसंबंधीच होता. एका दालनात नानमू या मौल्यवान लाकडाची कोरीव सजावट त्याने थेट राजप्रासादातील महालाच्या धर्तीवर करवून घेतली होती, आणि घर कोणी कसे बांधावे हे हुद्द्यावर ठरणाऱ्या त्या राज्यात ही आगळीक क्षम्य नव्हती. जप्तीनंतरही निम्मा वाडा त्याच्या सुनेकडे राहिला, कारण ती चियेनलोंगचीच मुलगी होती. पुढे तो राजपुत्र गोंगला मिळाला. १८६० मध्ये इंग्रज-फ्रेंचांशी तह करणारा तो हाच.

विसाव्या शतकात येथे विद्यापीठ आले, मग संगीतशाळा, कारखाना आणि बिऱ्हाडे. १९८२ मध्ये वाडा राष्ट्रीय संरक्षित वास्तू ठरला, तरी १९८८ मध्ये उघडली ती फक्त बाग. एकेका संस्थेला दुसरीकडे जागा देत संपूर्ण वाडा लोकांसाठी खुला व्हायला २००८ उजाडले. जतनाची खरी गोष्ट ही आहे.

मी तेथे गेलो होतो, तेव्हा सगळी गर्दी बागेतल्या अंधाऱ्या गुहेत होती. कांगशी सम्राटाच्या हस्ताक्षरातील 'फू', म्हणजे सुख-सौभाग्य, हे अक्षर कोरलेल्या शिळेवरच्या काचेला हात लावण्यासाठी रांग लागली होती. वटवाघळाच्या चिनी नावाचा उच्चारही 'फू' असल्याने तेथे तळेसुद्धा वटवाघळाच्या आकाराचे आहे. (आपल्याकडे घरात वटवाघूळ शिरले, की आधी झाडू शोधतात.) मागच्या दीडशे मीटरहून लांब दुमजली इमारतीच्या भिंतीत मात्र नाना आकारांच्या खिडक्या आहेत, एक पंख्यासारखी तर दुसरी आणखी वेगळी, आणि त्यांच्यापुढे मोजून चार माणसे उभी होती.

पुरवणीत याचा उत्तरार्ध छापावा, आणि छायाचित्र शक्यतो त्या भिंतीचे द्यावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक, पुणे