जुन्या गोव्यातल्या संताला स्पॅनिश म्हणावं का? आई-बाबांना पत्र

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

बाबा, तुम्ही फोनवर विचारलंत की स्पॅनिश लोक म्हणजे नेमके कोण, आणि बार्सिलोनावाल्यांना वेगळं का व्हायचंय. दोन वाक्यांत सांगितलं तर चुकीचंच सांगितलं जाईल, म्हणून सविस्तर लिहिते. जुन्या गोव्याच्या बॉम जीझस चर्चमध्ये चांदीच्या पेटीत ज्यांचं शव आहे, त्या फ्रान्सिस झेवियरपासून सुरुवात करते. स्पेनचा सगळा गुंता त्यांच्या एका घरात सापडतो.

झेवियर १५०६ साली नावारा राज्यातल्या हाविएर किल्ल्यात जन्मले. पिरेनीज डोंगराच्या कुशीतलं हे तेव्हा स्वतंत्र राज्य होतं आणि झेवियरांचे वडील राजाच्या सल्लागार मंडळाचे अध्यक्ष. १५१२ मध्ये शेजारच्या आरागॉनचा राजा फर्डिनांड याच्या फौजेने नावारा जिंकलं, १५१५ मध्ये ते कास्तील या मोठ्या राज्याच्या गादीला जोडलं. नावाराच्या बाजूने बंड झालं म्हणून पुढच्याच वर्षी हाविएरचे तट-बुरूज पाडायला लावले. १५२१ मध्ये फ्रेंचांच्या मदतीने राज्य परत घ्यायचा प्रयत्न झाला, त्यात झेवियरांचे दोन थोरले भाऊ नावाराच्या राजासाठी लढत होते. पाम्प्लोनाचा कोट कास्तीलच्या बाजूने लढवताना पायावर तोफगोळा लागून जायबंदी झालेला सरदार म्हणजे इग्नेशियस लॉयोला. तोही झेवियरांसारखा बास्कच, म्हणजे त्या डोंगराळ भागात बास्क भाषा बोलणाऱ्यांपैकी. पुढे पॅरिसला शिकताना या दोघांची गाठ पडली आणि त्यांच्यासह काही जणांनी मिळून जेझुइट संघ उभा केला. १५४२ मध्ये झेवियर गोव्याला आले, तेही पोर्तुगालच्या राजाच्या आश्रयाने. मग त्यांना स्पॅनिश म्हणायचं का? जन्माने नावाराचे, भाषेने बास्क, आणि नंतरच्या स्पेनने आपले मानलेले. तिन्ही खरं आहे. गोव्यात ज्या ३ डिसेंबरला त्यांचं फेस्त असतं, तोच दिवस नावारात प्रांताचा दिवस म्हणून पाळतात.

प्राचीन काळ भराभर सांगते. रोमन इ.स.पू. २१८ ला उतरले आणि सगळा द्वीपकल्प ताब्यात यायला इ.स.पू. १९ उजाडलं. लॅटिन रुजली ती तेव्हा. तिच्यापासून कास्तेल्यानो, म्हणजे ज्याला आपण स्पॅनिश म्हणतो ती, तसंच कातालान, गॅलिशियन आणि पोर्तुगीज या भाषा स्वतंत्रपणे वाढल्या. बास्क भाषा रोमनांच्याही आधीची, तिचं युरोपातल्या कुठल्याच भाषेशी नातं सिद्ध झालेलं नाही. म्हणून बार्सिलोनात कुणापुढे कातालानला स्पॅनिशची बोली म्हणू नका. ते समोरच्याला लागतं आणि मुळात ते चूकही आहे.

सहलीच्या वाटाड्यांकडून हमखास ऐकाल की ७११ ला मुसलमान आले, आठशे वर्षं एकच धर्मयुद्ध चाललं आणि १४९२ ला स्पेन मुक्त झाला. इतकं सरळ ते नव्हतं. अब्द अल-रहमान तिसऱ्याने ९२९ मध्ये कोर्दोबात खिलाफत जाहीर केली, ती १०३१ ला मोडली आणि तिची लहान लहान राज्यं झाली. पुढची कित्येक दशकं ख्रिस्ती राजे त्यांच्याकडून खंडणी घेत, त्यांच्याशी तह करत आणि एकमेकांशीही लढत. ज्याला राष्ट्रवीर मानतात त्या एल सिदने सारागोसाच्या मुसलमान राजाची चाकरी केली होती. तोलेदो १०८५ ला पडलं, कोर्दोबा १२३६ ला, सेव्हिल १२४८ ला, आणि मग ग्रानादा आणखी अडीचशे वर्षं टिकलं. या साऱ्याला एकाच अखंड मोहिमेचं रूप आलं ते मुख्यतः १९व्या शतकात, राष्ट्राचा इतिहास लिहिताना.

दुसरी ठरलेली चूक कास्तीलची राणी इसाबेला आणि आरागॉनचा फर्डिनांड यांच्याविषयी. १४६९ च्या लग्नाने स्पेन एक झाला असं सांगतात. एक झालं ते राजघराणं. कास्तील आणि आरागॉन यांचे कायदे, सभा, नाणी, जकातनाकी सगळं वेगळं राहिलं. आरागॉनच्या आत पुन्हा कातालोनिया (म्हणजे बार्सिलोनाचा प्रांत), व्हॅलेन्सिया आणि मायोर्का यांचे आपापले कायदे. १५०४ ला इसाबेला वारली तशी कास्तीलची गादी मुलीकडे गेली. फर्डिनांडने दुसरं लग्न केलं आणि १५०९ मध्ये मुलगाही झाला, पण तो काही तासच जगला. ते मूल जगतं तर आरागॉनची गादी त्याची झाली असती आणि दोन्ही राज्यं पुन्हा वेगळी झाली असती.

ही पद्धत कशी चालायची ते गोव्यावरून चांगलं कळतं. १५८० ते १६४० पोर्तुगालची गादी स्पेनच्याच राजाकडे होती, म्हणजे ती साठ वर्षं गोवाही त्याचाच. तरी गोव्यात त्याची खूण जवळजवळ सापडत नाही, कारण १५८१ मध्ये तोमारच्या सभेत फिलिप दुसऱ्याने पोर्तुगालचे कायदे तसेच ठेवण्याची आणि तिथला कारभार पोर्तुगीजांच्याच हाती ठेवण्याची शपथ घेतली होती. राजा एक, घरं अनेक.

मग या घरांना बांधलं कशाने? धर्माने, आणि तेही जबरदस्तीने. १४७८ ला परवानगी मिळालेलं इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा देणारं धर्मन्यायालय, ही कास्तील आणि आरागॉन दोन्हीकडे चालणारी जवळपास एकमेव संस्था होती. ३१ मार्च १४९२ च्या फर्मानाने ज्यूंना चार महिन्यांत बाप्तिस्मा घ्या नाही तर देश सोडा असं बजावलं. १५०२ मध्ये कास्तीलच्या मुसलमानांवर तीच पाळी आली. धर्म बदलून राहिलेल्यांच्या वंशजांनाही १६०९ ते १६१४ या काळात हाकललं, सुमारे तीन लाख माणसं. व्हॅलेन्सियाची गावंच्या गावं ओस पडली आणि शेती बसली.

बाटूनही सुटका नव्हती. १४४९ मध्ये तोलेदोत पहिल्यांदा ‘रक्तशुद्धी’चा नियम आला आणि मग कॅथेड्रलची मंडळं, लष्करी पंथ, विद्यालयं सगळीकडे पसरला. उमेदवाराने आई-वडील, आजी-आजोबांची नावं आणि गावं लिहून द्यायची. चौकशी करणारे त्या गावांत जाऊन म्हाताऱ्या साक्षीदारांना विचारायचे की या घराण्यात कुणी ज्यू किंवा मुसलमान होतं का. आपल्याकडे सोयरीक जुळवताना कुळी पाहतात तशी तिथे पद मिळण्याआधी कुळी तपासत. आई, हे वाचताना तुला वाईट वाटेल, मलाही वाटतं. स्पॅनिशपणाची पहिली ठोस व्याख्या कुणाला वगळायचं यावरून झाली, आणि काही जागी तिचे नियम १९व्या शतकापर्यंत टिकले. २०१५ मध्ये स्पेनने त्या ज्यूंच्या वंशजांसाठी नागरिकत्वाचा खास कायदा केला.

आता बार्सिलोना. १७०० मध्ये राजा निपुत्रिक वारला आणि गादीसाठी युरोपभर युद्ध पेटलं. कातालोनिया हरणाऱ्या बाजूला होता. ११ सप्टेंबर १७१४ ला बार्सिलोना पडलं आणि १७१६ च्या फर्मानाने त्यांची जुनी सभा आणि संस्था गेल्या. व्हॅलेन्सिया-आरागॉनचे हक्क १७०७ मध्येच गेले होते. नावारा आणि बास्क प्रांत मात्र जिंकणाऱ्या बाजूला होते, त्यांचे हक्क राहिले. आजही तिथे बहुतेक कर प्रांतच गोळा करतात आणि माद्रिदला ठरलेला वाटा देतात. कातालोनियाला ती सोय नाही, आणि आजच्या तंट्यात हा पैशाचा भाग मोठा आहे. ११ सप्टेंबर हा कातालोनियाचा दिवस, म्हणजे ते पराभवाचा दिवस पाळतात. त्या सुमारास जाणार असाल तर रस्ते मोर्च्यांनी भरलेले असतील हे धरून चाला.

स्पॅनिश राष्ट्र ही कल्पना कागदावर आली ती १८१२ च्या कादिसच्या घटनेत, नेपोलियनच्या फौजा देशात असताना. तिचं पहिलंच कलम सांगतं की स्पॅनिश राष्ट्र म्हणजे दोन्ही गोलार्धांतल्या सर्व स्पॅनिश लोकांचा समुदाय. अमेरिकेतल्या वसाहतीही त्यात धरल्या होत्या. त्यातल्या बहुतेक १८२० च्या दशकापर्यंत सुटल्या, आणि १८९८ मध्ये युनायटेड स्टेट्सशी झालेल्या युद्धात क्यूबा, पोर्तो रिको, फिलिपिन्सही गेले. नेमकं तेव्हा कारखाने आणि पैसा बार्सिलोना आणि बास्क भागातल्या बिल्बाओकडे, सत्ता माद्रिदकडे अशी विभागणी झालेली होती. फ्रान्सने गावोगावच्या सरकारी शाळांतून एक भाषा आणि एक राष्ट्र शिकवलं. स्पेनमध्ये १९०० साली निम्म्याहून अधिक लोक निरक्षर होते. माझ्या मते एकराष्ट्रीयत्व अर्धवट राहण्याचं हे सगळ्यात साधं कारण आहे. बास्क राष्ट्रवादी पक्ष १८९५ मध्ये निघाला हा योगायोग नाही.

हुकूमशहा फ्रँकोने १९३९ नंतर हेच काम दडपशाहीने करायला घेतलं. शाळा-कचेऱ्यांतून कातालान आणि बास्क हद्दपार, मुलांची नावंही नोंदवायची ती स्पॅनिशच. परिणाम उलटा झाला. तो १९७५ ला गेला तेव्हा झेंडा आणि राष्ट्रगीत बऱ्याच लोकांना त्याचीच खूण वाटत होती. हा लाल-पिवळा झेंडा खरं तर १७८५ मध्ये जहाजं दुरून ओळखता यावीत म्हणून निवडलेला. राष्ट्रगीताला आजही शब्द नाहीत, २००८ मध्ये शब्द बसवायचा एक प्रयत्न झाला तो काही दिवसांतच मागे घेतला. खेळाडू गप्प उभे दिसले तर त्याचा वेगळा अर्थ काढू नका.

१९७८ च्या घटनेचं दुसरं कलम मला फार प्रामाणिक वाटतं. एकाच वाक्यात राष्ट्राची एकता अभंग आहे असं म्हटलंय आणि त्यातल्या ‘राष्ट्रीयता आणि प्रदेश’ यांना स्वायत्ततेचा हक्कही दिलाय. कोण राष्ट्रीयता आणि कोण प्रदेश हे मुद्दाम सांगितलेलं नाही. आता १७ स्वायत्त प्रदेश आहेत, शिवाय आफ्रिकेच्या किनाऱ्यावरची सेउता आणि मेलिया ही दोन शहरं. ही तडजोड कधी कधी तुटायला येते. कातालोनियाच्या स्वायत्ततेच्या नव्या कायद्यातली काही कलमं २०१० मध्ये घटना न्यायालयाने रद्द केली, त्यातून १ ऑक्टोबर २०१७ चं सार्वमत आलं, ते बेकायदेशीर ठरलं आणि केंद्राने तिथलं सरकार बरखास्त केलं. पण २०२३ पासून माद्रिदच्या संसदेत कातालान, बास्क, गॅलिशियन बोलता येतं, तेही खरं.

बाबा, माद्रिदला सरकारी इमारतीवर झेंडा दिसला की मधलं चिन्ह नीट बघा. किल्ला कास्तीलचा, सिंह लिओनचा, उभे लाल पट्टे आरागॉनचे, साखळ्या नावाराच्या आणि खाली डाळिंब ग्रानादाचं. प्रत्येक घराची खूण वेगळी ठेवलीय, एकात एक मिसळलेली नाही. आई मधल्या तीन छोट्या फुलांबद्दल विचारेल. ती बूर्बोन राजघराण्याची, १७१४ नंतर गादीवर राहिलेल्यांची.

बिल्बाओला कुणी स्वतःला बास्क म्हटलं तर ‘म्हणजे स्पॅनिशच ना?’ असं विचारू नका. ‘तुमच्या घरी कोणती भाषा बोलता?’ असं विचारा, म्हणजे माणूस आपणहून सांगू लागेल. आणखी काही अडलं तर प्रश्न कागदावर लिहून ठेवा, रविवारी बोलू.

तुमची लेक