बँकॉकचा एक दिवस नदीकाठीच घालवावा

महोदय,

सुट्या जवळ आल्या की वर्तमानपत्रांच्या पर्यटन पुरवण्यांत ‘एका दिवसात बँकॉक’ छापाची वेळापत्रके येऊ लागतात. राजवाडा, सफारी, तरंगता बाजार, मॉल आणि रात्रीची बोट असे सगळे त्यात कोंबलेले असते. दाम्नोन सादुआकचा तरंगता बाजार शहरापासून शंभरेक किलोमीटरवर नैऋत्येला, तर सफारी शहराच्या ईशान्य टोकाला, हे मात्र कुठेच लिहिलेले नसते. आजी-आजोबा आणि शाळकरी मुले बरोबर असतील तर असा दिवस गाडीच्या काचेतूनच बघावा लागेल. त्यापेक्षा चाओ फ्राया नदीकाठचा दीड-दोन किलोमीटरचा पट्टा धरावा: राजवाडा, वाट फो (‘वाट’ म्हणजे बौद्ध मंदिर) आणि पलीकडच्या तीरावर वाट अरुण.

मेट्रोच्या निळ्या मार्गावर सनाम चाय स्थानकात उतरावे. फाटकावर बँकेचे कॉन्टॅक्टलेस कार्ड चालते, पण माणशी एक कार्ड लागते. एकाच कार्डावर चौघांना आत घेता येत नाही. बाकीच्यांसाठी टोकन काढावे. स्थानकातून वाट फो पाच मिनिटांवर आहे, तरी तिथे आधी शिरू नये. राजवाड्याची तिकीटविक्री सकाळी साडेआठला सुरू होऊन दुपारी साडेतीनलाच थांबते आणि आतल्या फरसबंद चौकात सावली जवळजवळ नाही. म्हणून पहिला राजवाडा, अकराच्या आत बाहेर. परदेशी पाहुण्यांना तिकीट 500 बाट आहे. 120 सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना लागत नाही. एका बाटचे साधारण तीन रुपये धरून हिशेब करावा, म्हणजे फसगत होत नाही.

घोळ होतो तो दाराशी पोचण्याआधीच. राजवाड्याच्या तटाचा घेर 1,900 मीटर आहे आणि पर्यटकांचे दार उत्तरेला, ना फ्रा लान रस्त्यावर. दक्षिणेकडून येणारा माणूस तटाकडेने चालत असतो, दार काही दिसत नाही, आणि तेवढ्यात एखादा नीटनेटका गृहस्थ येऊन अदबीने सांगतो, की आज पूजा आहे, राजवाडा दुपारी उघडेल, तोवर वीस बाटमध्ये टुकटुकने इतर मंदिरे बघून या. ती रिक्षा शेवटी रत्नांच्या किंवा शिंप्याच्या दुकानात नेऊन उभी करते. मान हलवून पुढे चालत राहावे आणि तिकीटखिडकी डोळ्यांनी बघितल्याशिवाय बंद आहे हे मानू नये. दुसरी अडचण कपड्यांची. अर्धी चड्डी, बिनबाह्यांचा ब्लाउज, फाटकी जीन्स चालत नाही. वरून ओढणी घेतली तर सोडतीलच असे नाही. मग बाहेरच्या फेरीवाल्याकडून हत्तीच्या छापाची पँट घ्यावी लागते.

आत बहुतेक जण राजवाड्याच्या आवारातल्या मंदिरात पाचूच्या बुद्धाकडे धावतात. मूर्ती जेमतेम 66 सेंटिमीटरची, उंचावर बसवलेली. फोटोला मनाई आहे आणि चप्पल-बूट बाहेर ठेवावे लागतात, तेव्हा मोजे जवळ असू द्यावेत. मराठी कुटुंबाने खरा वेळ द्यावा तो मंदिराभोवतीच्या ओवरीला. तिथल्या भिंतींवर रामकियन, म्हणजे थायलंडचे रामायण, 178 चित्रांत रंगवले आहे. उत्तरेच्या दारापाशी जनकाला शेतात सीता सापडते तिथे कथा सुरू होते आणि आपल्या प्रदक्षिणेच्या दिशेने पुढे जाते. ओवरीत सावली असल्याने म्हाताऱ्यांचीही सोय होते. इथला हनुमान पांढराशुभ्र आहे आणि ब्रह्मचारी नाही. सेतू मोडायला आलेल्या सुवर्णमत्स्येच्या, रावणाच्या मुलीच्या, तो प्रेमात पडतो. आजोबांनी मुलांच्या प्रश्नांची तयारी ठेवावी.

वाट फोला (300 बाट) तासभर पुरे. निजलेला बुद्ध 46 मीटर लांब आहे. त्याच्या तळव्यांवर शिंपल्याच्या जडावाची 108 शुभचिन्हे आहेत, ती बघायची राहू नयेत.

खाण्याचा प्रश्न याहून अवघड, आणि पुरवण्या नेमका तोच ‘शाकाहारी पदार्थही मिळतात’ एवढ्यावर उरकतात. अडचण ताटात दिसणाऱ्या मांसाची नाही. पॅड थाय, म्हणजे परतलेल्या शेवया, विकणाऱ्याला ‘माय साय नाम प्ला’, म्हणजे माशाचा सॉस घालू नका, असे सांगितले तरी चिंच, ताडगूळ आणि तोच सॉस एकत्र कालवून त्याने आधीच भरून ठेवलेला असतो. लाल-हिरव्या करीच्या वाटणात कोळंबीचे खारवलेले वाटण मुळातच कुटलेले असते. ते काढणार कसे? तोम यम या आंबट-तिखट सुपात पडणाऱ्या मिरचीच्या चटणीत सुकट असते. कच्च्या पपईची कोशिंबीर, सोम ताम, मागणीनुसार खलात कुटतात, त्यामुळे तिथे सुकट आणि सॉस वगळता येतो, पण खल आधीच्या गिऱ्हाइकाचाच असतो. साध्या परतलेल्या पालेभाजीतही ऑयस्टर सॉस पडतो.

यावर उपाय एकच, ‘जे’ पाटी शोधणे. पिवळ्यावर लाल रंगात इंग्रजी 17 सारखे दिसणारे अक्षर असते. ‘किन जे’ म्हटले की मांस, मासे, अंडी, दूध, कांदा, लसूण सगळे बाद. बटाटा-गाजर मात्र चालते, तेव्हा जैन मंडळींनी वेगळे विचारावे. सोयाबीनचे किंवा गव्हाच्या चिकाचे ‘बदक’ हुबेहूब खऱ्यासारखे दिसते. आजींना आधी सांगून ठेवलेले बरे. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात या खाण्याचा नऊ दिवसांचा उत्सव असतो, बऱ्याच वर्षी आपल्या नवरात्रातच. तेव्हा चायनाटाउनभर पिवळे झेंडे लागतात.

मुलांसाठी खनोम क्रोक घ्यावे. आप्पेपात्रासारख्या बिडाच्या साच्यात तांदळाच्या पिठाचे पातळ मिश्रण, वर नारळाचे घट्ट दूध. कडा कुरकुरीत होतात, मधला भाग थलथलीत राहतो. तो भाग उकळता असतो, जीभ हमखास भाजते, म्हणून आधी फोडून थांबावे. वर कांद्याची पात किंवा मका घालतात. आंब्याबरोबरचा चिकट भात मार्च ते जूनमध्ये घ्यावा. एरवी आंबा यथातथाच. आपलेच जेवण हवे असेल तर सनाम चायच्या पुढच्या साम योत स्थानकाजवळ पाहुरात हा भारतीय वस्तीचा भाग आहे.

वाट अरुण (200 बाट) दुपारी चारनंतर. था तियन धक्क्यावरून पलीकडे जायला पाच बाट लागतात. तिथे हजाराची नोट काढू नये. शिखराच्या पायऱ्या उभ्या आहेत, गुडघेदुखीवाल्यांनी खालूनच चिनी मातीच्या तुकड्यांची फुले बघावीत. मंदिर पश्चिम तीरावर असल्याने सूर्य त्याच्या मागे मावळतो. म्हणून तो देखावा मंदिरातून नव्हे, अलीकडे परत येऊन धक्क्यावरून बघायचा.

पुढच्या पुरवणीत ते ‘जे’ अक्षर थाई लिपीत ठसठशीत छापावे, ही विनंती. कात्रण पाकिटात राहील आणि रस्त्यावर ते हुडकण्याचे काम मुलांना देता येईल.

— एक वाचक, डोंबिवली