नायट्रेट उतरते, पण जाते कुठे?

संपादक महोदय,

आपल्या पुरवणीतील रीफ टाकीवरचा, म्हणजे प्रवाळ पाळायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीवरचा, लेख वाचला. टाकी मुरली, म्हणजे तिच्यात जिवाणूंचा जम बसला, की खाद्यातून पाण्यात साचणारे नायट्रेट आपोआप उतरते आणि मग पाणी बदलण्याची गरज उरत नाही, असा त्याचा सूर आहे. पहिली गोष्ट बहुतेक टाक्यांत दिसते. दुसरी तिच्यातून निघत नाही, आणि ती खरी मानून कोणी पाणी बदलणे बंद केले तर भुर्दंड प्रवाळांना पडेल.

टाकी जुनी झाली म्हणून नायट्रेट तयार व्हायचे थांबत नाही. प्रथिनांत वजनाने सुमारे 16 टक्के नायट्रोजन असतो. निम्मी प्रथिने असलेले 1 ग्रॅम कोरडे खाद्य टाकले की 80 मिलिग्रॅम नायट्रोजन टाकीत गेला. तो सगळा अमोनिया, नायट्राइट असे टप्पे ओलांडत नायट्रेटपर्यंत पोहोचला तर त्याचे सुमारे 354 मिलिग्रॅम नायट्रेट होते, म्हणजे 200 लिटर पाण्यात जवळजवळ पावणेदोन पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम). रोज एवढेच खाद्य पडले तर महिन्याला पन्नासच्या वर. थोडा नायट्रोजन माशांच्या अंगी लागतो, थोडा स्किमरच्या (बुडबुडे सोडून पाण्यातला मळ फेसाबरोबर काढणाऱ्या यंत्राच्या) फेसातून निघून जातो, त्यामुळे हा आकडा कमाल मर्यादा समजावा. तरी आठवड्याला 10 टक्के पाणी बदलून तो आवरत नाही. 20 पीपीएमचे 18 होतात आणि पुढचा आठवडा संपायच्या आत खाद्य ती तूट भरून काढते. असे असूनही मुरलेल्या टाकीत आकडा पाचाच्या आसपास टिकतो, याचा अर्थ आवक तेवढीच असून जावक वाढली आहे.

सुरुवातीच्या काही आठवड्यांतला उतार मात्र बऱ्याचदा नुसता पाणी तपासायच्या किटवरचा असतो. घरगुती किट नायट्रेट थेट मोजत नाही. जस्तासारख्या धातूची पूड त्यातल्या थोड्या नायट्रेटचे नायट्राइट करते आणि रंग येतो तो त्या नायट्राइटचा. पाण्यात आधीच नायट्राइट असेल तर किट ते कित्येक पटींनी फुगवून नायट्रेट म्हणून दाखवते. म्हणून नायट्राइट शून्यावर आल्याशिवाय नायट्रेटचा आकडा वहीत लिहूच नये. एककही तपासावे. काही किट फक्त नायट्रेटमधला नायट्रोजन सांगतात; त्या आकड्याला 4.43 ने गुणले की नेहमीचे नायट्रेट मिळते. किट बदलले आणि नायट्रेट चौपट उतरले, या आनंदामागे कधी कधी एवढेच असते. पूड घातल्यावर बाटली सांगितलेला पूर्ण वेळ हलवायची असते. अर्ध्यावर सोडली तर रंग फिका येतो आणि टाकी फुकट शाबासकी घेऊन जाते.

खरा उतार लाईव्ह रॉकच्या, म्हणजे जिवाणू वसलेल्या सच्छिद्र दगडाच्या, पोटात घडतो. चांगला दगड फोडून पाहिला तर बाहेर कोरलाइन शेवाळाचा गुलाबी-जांभळा थर दिसतो आणि आत बारीक छिद्रांची, एकमेकींत शिरलेल्या पोकळ्यांची पांढरी जाळी. पृष्ठभागावरचे जिवाणू ऑक्सिजन वापरून अमोनियाचे नायट्रेट करतात. हे करताना ते ऑक्सिजन संपवतातही, त्यामुळे काही मिलिमीटर आत त्याचा तुटवडा सुरू होतो. तिथले जिवाणू ऑक्सिजनऐवजी नायट्रेटवर श्वसन करतात आणि शेवटी नायट्रोजन वायू सोडतात, जो हवेत निघून जातो. नायट्रेट बाहेरच्या थरात बनते आणि लगेच आत झिरपते. दोन्ही कामे एकमेकांना लागून चालतात, इथेच दगडाची सरशी आहे. बायोबॉलवर (फिल्टरमधल्या प्लास्टिकच्या गोळ्यांवर) पहिले काम झकास होते, पण ऑक्सिजन नसलेला कोपरा शेजारी नसतो, म्हणून तयार झालेले नायट्रेट सरळ टाकीत परतते. बायोबॉलला नायट्रेटचा कारखाना म्हणतात ते याच कारणाने.

या जिवाणूंना नायट्रेटबरोबर सेंद्रिय कार्बनही लागतो. तो दगडात मुरायला, छिद्रांत जिवाणूंचा थर जाड व्हायला आणि आतला ऑक्सिजन खरोखर संपायला महिने जातात. कोरड्या, निर्जीव दगडाने सुरू केलेल्या टाकीला त्याहून जास्त. बाटलीतले जिवाणू ओतून अमोनियाचा टप्पा लवकर उरकता येतो, हा नायट्रेट संपवायचा टप्पा तितका उरकत नाही. बारीक वाळूचा 10 ते 15 सेंटिमीटर जाड थर हेच काम करतो आणि काचेला चिकटलेले वायूचे बुडबुडे त्याची साक्ष देतात. असा थर जुना झाल्यावर उकरू नये. खालच्या काळ्या भागात हायड्रोजन सल्फाइड असू शकते.

जावकीची दुसरी वाट म्हणजे कोणीतरी नायट्रोजन अंगी लावणे. प्रवाळ आणि त्यांच्यातली सूक्ष्म शैवाले, कोरलाइन, संपमधले (टाकीला जोडलेल्या खालच्या टाकीतले) कीटोमॉर्फा शेवाळ, पाण्यात तरंगणारे जिवाणू, सगळेच तो घेतात. यातले बरेच जण अमोनिया आधी उचलतात, म्हणजे नायट्रेट तयार व्हायच्या आतच वाटेत माल गायब होतो. प्रवाळांच्या छोट्या तुकड्यांच्या वसाहती झाल्या की ही उचल किती वाढते याचा अंदाज फार थोड्यांना असतो. पण शेवाळ कापून टाकीबाहेर काढले तरच तो नायट्रोजन गेला. कीटोमॉर्फाचा गोळा इतका दाट होऊ दिला की आत प्रकाश पोहोचत नाही, तर आतला भाग कुजून सगळे परत पाण्यात येते. गोळा टोपलीभर झाला की तिसरा हिस्सा काढावा.

या दोन वाटांपैकी कोणती चालू आहे हे फॉस्फेट सांगते. जिवंत पेशी नायट्रोजनबरोबर फॉस्फरसही घेतात. समुद्री प्लवकांत हे प्रमाण अणूंच्या हिशेबाने साधारण 16 ला 1, म्हणजे वजनात सुमारे 10 भाग नायट्रेटमागे 1 भाग फॉस्फेट. मोठ्या शेवाळात ते वेगळे असते, पण दिशा कळायला एवढे पुरते. दगडातले जिवाणू नायट्रेटवर श्वसन करतात तेव्हा फॉस्फेटला जवळजवळ हात लावत नाहीत. तेव्हा नायट्रेट 20 वरून 5 वर आले आणि फॉस्फेट जागेवर राहिले किंवा चढले, तर श्रेय दगड-वाळूला द्यावे. दोन्ही जोडीने उतरले तर वाढ आणि कापणीला. उलट नायट्रेट 25 वर अडून बसले आहे आणि फॉस्फेट शून्य, असे दिसले तर आधी फॉस्फेट शोषणारे लोह ऑक्साइडचे दाणे कमी करावेत. फॉस्फरस संपल्यावर शेवाळ वाढत नाही, जिवाणूही वाढत नाहीत, आणि नायट्रेट वापरणारा कोणी उरत नाही. फॉस्फेट 0.03 पीपीएमच्या वर आले की अडलेली गाडी बऱ्याचदा हलते.

आता व्हिनेगर, म्हणजे जिवाणूंना बाहेरून दिलेला सेंद्रिय कार्बन. 5 टक्क्यांचे साधे पांढरे व्हिनेगर रोज 100 लिटरमागे 1 मिलिलिटर, यापेक्षा मोठी सुरुवात नको. आठवडाभराने मोजावे, मगच वाढवावे. वाढलेले जिवाणू बाहेर काढायला दमदार स्किमर हवाच. तो नसताना व्हिनेगर देणे हा निव्वळ धोका आहे, कारण जिवाणूंच्या उद्रेकाने पाणी दुधी होते, रात्री ऑक्सिजन कोसळतो आणि सकाळी मासे पृष्ठभागावर हापसताना दिसतात. हवा तो आकडा आल्यावर डोस एकदम तोडू नये, हळूहळू निम्म्यावर आणावा.

पाणी बदलणे नायट्रेटपुरते कधीच नव्हते. प्रवाळांनी खर्च केलेली सूक्ष्म मूलद्रव्ये, बिघडलेले क्षारांचे प्रमाण, पाणी पिवळसर करणारे सेंद्रिय पदार्थ, यांतले काहीही नायट्रेटच्या किटवर दिसत नाही. शिवाय पाणी काढताना नळीने दगडामागचा आणि संपच्या तळाचा गाळ ओढला जातो, तो वेगळाच फायदा. हा गाळ वर्षानुवर्षे साचून दगडाची छिद्रे बुजली की उतरलेले नायट्रेट पुन्हा चढू लागते. पाणी बदलण्यापूर्वी पॉवरहेडचा (पाणी ढकलणाऱ्या छोट्या पंपाचा) झोत दगडांवर मारून गाळ उडवावा आणि फिल्टर सॉक (पाणी गाळणारी पिशवी) दोन-तीन दिवसांनी धुवावा.

शून्य गाठण्याची हौसही नको. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर टेकली की प्रवाळ फिके पडतात आणि वाळूवर तपकिरी, बुडबुडे धरलेला चिकट तंतूंचा थर येतो. हे बहुधा डायनोफ्लॅजेलेट नावाचे एकपेशी जीव असतात आणि त्यांना घालवणे नायट्रेट उतरवण्यापेक्षा कितीतरी किचकट असते. 2 ते 10 पीपीएम नायट्रेट प्रवाळांच्या टाकीला मानवते. आकडा शून्यच राहत असेल तर आधी खाद्य वाढवावे, स्किमरचे तास कमी करावेत. तेवढ्याने भागले नाही तर शुद्ध सोडियम नायट्रेट आरओ पाण्यात विरघळवून द्यावे: 100 लिटरमध्ये 1 पीपीएम वाढवायला 137 मिलिग्रॅम. त्यासाठी 13.7 ग्रॅम सोडियम नायट्रेटचे बरोबर 1 लिटर द्रावण करून ठेवले की 10 मिलिलिटरमध्ये एवढाच डोस येतो. एका दिवसात 1 पीपीएमपेक्षा जास्त चढवू नये आणि दुसऱ्या दिवशी मोजल्याशिवाय पुढचा डोस देऊ नये. कालचे 1 पीपीएम रातोरात नाहीसे झालेले आढळले तर टाकी भुकेली होती हे नक्की.

आपले,
रीफ टाक्या सांभाळणारे काही वाचक