देवनारचे बिल टनांत, मातीचा हिशेब कुठे?

महोदय,

देवनार कचराभूमीवरचा १८५ लाख टन जुना कचरा तीन वर्षांत हटवण्यासाठी महापालिकेने २,३६८ कोटी रुपयांची निविदा काढली. भागाकार केला तर टनाला १,२८० रुपये पडतात. मुलुंडच्या कचराभूमीवर ७० लाख टनांसाठी ७३१ कोटी, म्हणजे टनाला सुमारे १,०४४. स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात केंद्राने जुन्या कचऱ्यासाठी टनाला ५५० रुपये धरले आणि दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरांना त्यातले २५ टक्केच देऊ केले. तेव्हा हा खर्च मुख्यतः मुंबईकर करदात्याचाच. दर थोडा इकडेतिकडे झाला तर समजू शकतो, पण सगळे काम टनांत मोजले जाते ही खरी अडचण आहे.

काम होते ते असे. ड्रोनने उंचसखलपणाची मोजणी, बोअर मारून नमुने, मग ढीग सोडवून दोन-अडीच मीटर उंचीच्या राशी. त्यांवर जिवाणूंचे द्रावण फवारायचे, आठवड्याला एकदा पलटायच्या. तीन-चार पलट्यांत ओलावा आणि वास उतरला की माल ट्रॉमेल म्हणजे फिरत्या नळकांडी चाळणीत जातो. वरच्या मोठ्या जाळीवर चिंध्या-प्लास्टिक राहते, ते आरडीएफ म्हणजे कचऱ्यापासूनचे इंधन म्हणून सिमेंट भट्टीला, विटा-दगड भरावाला, खाली पडते ती बारीक माती.

पावसाळ्यात हे गणित फिसकटते. माल ओला असला की जाळीची भोके बुजतात, माती प्लास्टिकला चिकटून राहते आणि राखेचे प्रमाण वाढल्याने सिमेंट कारखाना गाडी परत पाठवतो. वजनकाट्याला मात्र ओला माल फायद्याचा. ओलावा ३५ टक्के असेल तर शंभर टनांमागे ३५ टन पाण्याचे पैसे. म्हणून बिल ड्रोन मोजणीतल्या घनमीटरशी आणि ओलाव्याच्या चाचणीशी ताडूनच निघायला हवे.

खरा पेच बारीक मातीचा. जुन्या ढिगात सहसा तिचाच वाटा मोठा असतो. तिच्यात काचेचे कण तर असतातच, शिवाय बॅटऱ्या, रंग यांतून उतरलेले शिसे, कॅडमियम, क्रोमियम असते. खताच्या निकषांत ती बसत नाही, म्हणून ‘चांगली माती’ या गोड नावाखाली कुठल्यातरी सखल जागेत भरावाला जाते. देवनारचे दूषण उचलून दुसऱ्या तालुक्यात पसरवण्याचे पैसे आपण भरणार असू, तर याला स्वच्छता कशी म्हणायची?

ढीग उचलल्यावर उघडी पडणारी जमीनही कोरी नसते. १९२७ पासून तिथे कचरा पडतो आहे आणि बुडाला अस्तर नाही. जवळपास शतकभराचे लिचेट, म्हणजे कचऱ्यातून झिरपणारे दूषित पाणी, खाडीच्या चिकणमातीत मुरले आहे. बाजूला ठाण्याची खाडी, २०२२ पासून रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. जमिनीतल्या वायूंचा अनुभव मुंबईला नवा नाही: मालाडच्या चिंचोली बंदर कचराभूमीवर कार्यालये उभी राहिल्यावर तिथले संगणक आणि एसी बिघडत असल्याच्या तक्रारी झाल्याच होत्या. देवनारची सुमारे १२४ एकर जमीन तर धारावी पुनर्विकासासाठी दिली आहे. म्हणजे तिथे घरे होणार, माणसे रात्रंदिवस राहणार.

कायद्यात इथे फट आहे. १ एप्रिल २०२६ पूर्वी लागू असलेल्या घनकचरा नियम २०१६ ने बंद केलेल्या कचराभूमीवर वस्तीचा विचारच पंधरा वर्षांच्या देखरेखीनंतर आणि वायू, लिचेट व जमिनीची स्थिरता तपासल्यावर करायला सांगितला. पण कचरा पूर्ण उचलला की ती ‘बंद केलेली कचराभूमी’ राहिली नाही, असा युक्तिवाद सहज करता येत होता. जुलै २०२५ मध्ये आलेल्या दूषित स्थळांच्या नियमांतून कचराभूमीचा घनकचरा वगळला आहे. अपवाद एकच: मिसळलेल्या घातक रसायनांची पातळी ठरलेल्या मर्यादेवर गेली तर नियम लागू होतात, आणि दूषणाला जबाबदार असलेला सापडला नाही किंवा त्याला खर्च झेपला नाही तर खर्चाची सोय केंद्र-राज्याने करायची. (देवनारचा जबाबदार शोधायला कुणाला महापालिकेपलीकडे लांब जावे लागणार नाही, तो मुद्दा निराळा.) मात्र ही पातळी चाचणीशिवाय कळत नाही, म्हणजे तो निधी मागण्याचा रस्ताही चाचणीतूनच जातो.

चाचणीचा खर्च तरी किती? निविदेतल्या ११० हेक्टरवर ५० मीटरची चौकट आखली तर ४४० ठिकाणे होतात. प्रत्येक ठिकाणी तीन खोलींवर नमुने घेतले तर १,३२०. धातू, तेलजन्य संयुगे आणि अमोनिया मिळून नमुन्याला २५ हजार रुपये धरले तरी ३ कोटी ३० लाख. बोअरिंग, भूजलाच्या निरीक्षण विहिरी आणि वायू मोजणाऱ्या नळ्या वेगळ्या धरूनही २,३६८ कोटींपुढे ही रक्कम किरकोळ आहे.

ठेकेदाराच्या प्रत्येक बिलातले दहा टक्के महापालिकेने राखून ठेवावेत. ढीग हटल्यावर दोन पावसाळे भूजल आणि वायूची मोजणी तिमाहीला घ्यावी, आकडे भूखंडनिहाय संकेतस्थळावर टाकावेत आणि तपासणी ठेकेदाराने नेमलेल्या प्रयोगशाळेकडे देऊ नये. बारीक माती कुठे गेली त्याच्या गाडीगणिक पावत्याही त्याच पानावर असाव्यात. जमीन ज्याला मिळते त्याच्याकडून तळमातीच्या सफाईचा खर्च ताबा देण्यापूर्वी स्वतंत्र खात्यात घ्यावा. ताब्यानंतर तो मागत बसण्यात अर्थ नाही.

– घनकचरा क्षेत्रातील दोन अभियंते, मुंबई