बाबांच्या हृदयाचा वाढलेला आकार

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, हृदय मोठे झाले असेल तर सर्जन ते कापून लहान का करत नाहीत, हा तुमचा परवाचा प्रश्न मी फोनवर हसून टाळला, याची मला खंत वाटते. हाच प्रश्न सर्जननाही बरीच वर्षे पडला होता आणि त्यांनी त्याचे उत्तर प्रत्यक्ष शस्त्रक्रिया करून शोधले.

त्यामागचा लाप्लासचा नियम तुम्हीच वर्गात शिकवत होता: पोकळीची त्रिज्या वाढली, की आतला दाब तेवढाच असला तरी भिंतीवरचा ताण वाढतो. हृदयविकाराच्या झटक्यात मेलेल्या स्नायूच्या जागी वण तयार होतो, उरलेल्या स्नायूवर जादा भार येऊन शरीरभर रक्त ढकलणारा डावा कप्पा ताणला जातो आणि ताणला गेल्यामुळे त्याच्यावरचा भार आणखी वाढतो. हे चक्र तोडण्यासाठी ब्राझीलच्या रँडास बतिस्ता यांनी १९९० च्या दशकात डाव्या कप्प्याच्या भिंतीचा तुकडाच कापून काढला. उरलेला स्नायूही आजारीच असल्याने अनेकांचे हृदय पुन्हा फुगले आणि ती शस्त्रक्रिया मागे पडली. मोनॅकोचे व्हिन्सेंट डोर यांची पद्धत मला अधिक विचारी वाटते. चांगल्या स्नायूला धक्का न लावता त्यांनी वणाचा भाग तेवढा आतून पॅच लावून वगळला.

मग ही पद्धत सर्वांनाच का नाही, असे तुम्ही विचाराल. २००९ साली ‘स्टिच’ नावाच्या अभ्यासाचा निकाल आला. त्यात १००० रुग्णांपैकी निम्म्यांची केवळ बायपास झाली आणि निम्म्यांची बायपाससोबत कप्पा लहान करण्याची शस्त्रक्रिया झाली. आकुंचनानंतर कप्प्यात उरणारे आकारमान पहिल्या गटात ६ टक्क्यांनी, तर दुसऱ्यात १९ टक्क्यांनी घटले. तरीही मृत्यू किंवा पुन्हा रुग्णालयात दाखल होणे यांत फरक पडला नाही. आकार पुरेसा घटवलाच गेला नव्हता, असा आक्षेप काही सर्जननी घेतला, आणि तो मला अगदीच निराधार वाटत नाही. मात्र हृदय लहान दिसू लागले म्हणजे माणूस बरा झाला, हे समीकरण त्यानंतर टिकले नाही. याउलट, पंपिंग (म्हणजे दर ठोक्याला डाव्या कप्प्यातील रक्ताचा जो वाटा बाहेर जातो तो) ३५ टक्के किंवा त्याहून कमी असलेल्या रुग्णांमध्ये दहा वर्षांतील मृत्यूंचे प्रमाण केवळ औषधांवर असलेल्यांत ६६.१ टक्के, तर बायपास झालेल्यांत ५८.९ टक्के होते. तिथे कप्प्याला कोणी हात लावला नव्हता, फक्त स्नायूचा रक्तपुरवठा सुधारला होता.

तुमच्या बाबतीत मला झडपेचा मुद्दा महत्त्वाचा वाटतो. कप्पा ताणला गेला, की त्याच्या तोंडाशी असलेल्या मायट्रल झडपेची पाती एकमेकांना भिडत नाहीत, रक्त मागे गळते आणि त्या जादा रक्तामुळे कप्पा अधिकच फुगतो. पायाच्या शिरेतून क्लिप नेऊन ती पाती जोडता येतात. २०१८ साली ६१४ रुग्णांवरील अभ्यासात दोन वर्षांतील मृत्यूंचे प्रमाण औषधांवरच असलेल्यांत ४६.१ टक्के, तर क्लिप बसवलेल्यांत २९.१ टक्के होते. त्याच वर्षीच्या फ्रान्समधील अभ्यासात मात्र असा फायदा दिसला नाही, म्हणून गळती किती आणि कप्पा किती मोठा हे मोजूनच डॉक्टर निवड करतात. शिवाय ही निवडही औषधे पूर्ण मात्रेत देऊन पाहिल्यानंतरची आहे, कारण काही रुग्णांचा कप्पा केवळ गोळ्यांनीच आक्रसतो. तेव्हा बरे वाटले म्हणून सकाळची गोळी सोडू नका.

आई, इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) अहवालातील मायट्रल गळतीची ओळ मला फोटो काढून पाठव, आणि शेजारी कप्प्याची मापे लिहिली असतील तर तीही.

तुमची लाडकी,
धाकटी