कडुनिंबाखालच्या टायपिंगवाल्या काकांना

काका, तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे पत्र असं उघड्यावर. नागपुरात सिव्हिल लाइन्सला जिल्हा न्यायालयाजवळ मे महिन्यातल्या भर उन्हात एका म्हातारीला घेऊन आलेला तो मी. म्हातारी म्हणजे माझी आत्या.

आजोबांचं १९६४ चं मृत्युपत्र, सगळं इंग्रजीत. महाल भागातल्या घराची ‘मॉइटी’ मुलीला, असं त्यात लिहिलेलं. या एका शब्दापायी आम्ही किती पायऱ्या झिजवल्या! एका वकीलसाहेबांनी कागद न उलगडताच “असेल थोडासा भाग” म्हणून वाटेला लावलं. इंग्रजी शाळेत शिकलेल्या माझ्या भाच्यानं मोबाइलवर बघून सांगितलं, मॉइटी म्हणजे रेणूचा एक भाग. रसायनशास्त्रात तो अर्थ आहेही. पण आत्या घाबरली, “आता हे रेणू कोन?”

तुम्ही पहिलं काय केलं असेल, तर उठून तिला स्वतःची खुर्ची दिली. बोललातही तिच्याशीच. आजवर सगळे माझ्याकडे बघून बोलत होते, जणू ती तिथं नव्हतीच. तुम्ही म्हणालात, जुन्या साहित्यात हा शब्द सैलपणे कुठल्याही हिश्श्याला लावतात, शेक्सपिअर तिघांतल्या वाटणीलाही लावतो. पण दस्तऐवजात त्याचा अर्थ निम्मा. मूळ लॅटिन, फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला, आणि आपला ‘मध्य’ त्याचाच भाऊबंद. भाऊबंद म्हणताना माझ्याकडे बघून हसलात, ते कळलं बरं का! आमचाच वाटा कमी होणार होता. खरं सांगतो, ‘थोडासा भाग’ ऐकून घरी कुणालाच वाईट वाटलं नव्हतं. मलाही नाही.

मग तुम्ही कोऱ्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंत, ‘मॉइटी म्हणजे अर्धं घर’, आणि चिठ्ठी माझ्याकडे न देता तिच्या हातात दिलीत. चष्मा पुसून तिनं ती दोनदा वाचली. साठ वर्षं ज्या कागदाबद्दल तिला लोकच सांगत आले, त्यातलं एक वाक्य तिनं स्वतः वाचलं. पैसे विचारले तर तुम्ही तिच्या पिशवीतल्या संत्रा बर्फीकडे बोट दाखवलंत. माणूसकी शिकायला कुठली पदवी लागत नाही, एवढंच त्या पायऱ्यांवरच्या साहेबांना कळवावंसं वाटतं.

निघताना आत्यानं विचारलं होतं, “विहीरही अर्धी?”

“विहीरही, बाई. पाणी वरचं घ्यायचं का खालचं, ते भावाले विचारा.”

तिनं घरी येऊन खरंच विचारलं. बाबा अजून उत्तर शोधताहेत.

तुमचा,
आत्याचा भाचा