पास्त्याचं पाणी ओतून टाकायला सांगू नका

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही व्हाइट सॉस पास्त्याची रेसिपी दिलीत, बरं वाटलं, पण त्यात पास्ता उकडून पाणी ओतून टाका, भाज्या वेगळ्या परता, सॉस तिसऱ्या भांड्यात करा असं लिहिलंय, ते वाचून राहवलं नाही म्हणून हे पत्र. ते पाणी टाकायचं नसतं हो. इटलीत 100 ग्रॅमला 1 लिटर पाणी घेऊन उकडतात हे खरं, पण तेसुद्धा त्यातलं वाटीभर सॉससाठी काढून ठेवतात, कारण पास्त्याचा स्टार्च त्यात उतरलेला असतो. आपण तर पेज पिणारी माणसं, भाताचा जीव पेजेत असतो हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको. एकाच भांड्यात शिजवला की ही पेज आतच राहते, सॉस आपोआप दाट होतो, मैदा भाजत बसायला नको आणि गुठळ्यांची कटकट नाही.

मी श्रावणात हमखास करते, मासे बंद आणि मुलांना रोज तेच तेच नको असतं. जाड बुडाच्या पातेल्यात बटरवर कांदा लसूण परतायचा, मग म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलेलं गाजर, फरसबी, मक्याचे दाणे, त्यावर 250 ग्रॅम पेने म्हणजे नळीसारखा पास्ता आणि 600 मिली कडकडीत गरम पाणी. मीठ बेताचंच, कारण पाणी फेकत नाही म्हणजे घातलेलं सगळं मीठ पोटात जातं आणि वर चीज खारट असतंच. दहा-बारा मिनिटं लागतात आणि मधेमधे बुडापासून ढवळायचं, नाहीतर खाली धरतं. सिमला मिरची शेवटच्या तीन-चार मिनिटांत. पास्ता घेताना पाकिटावर ड्युरम गव्हाचा रवा लिहिलंय का ते बघा, मैद्याचा असला तर या पद्धतीत लगदा होतो.

दुधाचं मात्र सांभाळा. पहिल्यांदा केला तेव्हा मी टोमॅटो घातले होते आणि रटरटत असतानाच गार दूध ओतलं, सगळं फाटलं, पांढरे कण वेगळे आणि पाणी वेगळं, इतकं वाईट वाटलं. तेव्हापासून टोमॅटो नाही आणि कपभर दूध अगदी शेवटी, मंद आचेवर, नारळाचा जाड रस आपण शेवटी घालतो आणि मग उकळू देत नाही ना, अगदी तसंच. दुधाऐवजी तो रस घातला तरी सुंदर लागतो. चीज गॅस बंद केल्यावर घालायचं. मग मिरपूड, आणि चिमूटभर जायफळ किसून. माझ्या माहेरी सावईवेऱ्याला कुळागरात, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागेत, जायफळाचं झाड आहे, तिथलं ताजं जायफळ किसलं की वास ओसरीपर्यंत जातो. पातेल्याला लागलेला सॉस मुलं पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, उंड्याने (गोल पावाने) पुसून खातात.

आपलं खतखतं, म्हणजे गोव्याची मिश्र भाजी, एकाच भांड्यात होतं, त्यात सतराशे साठ भाज्या पडतात, कुठली आधी आणि कुठली मागून हे आपल्या आज्यांना बरोब्बर ठाऊक होतं, हा पास्ताही त्याच अकलेने होतो, म्हणून मला तो परका वाटतच नाही. 2013 साली अमेरिकेतल्या एका मासिकाने एका भांड्यातल्या पास्त्याची कृती छापली आणि ती घरोघरी पोचली, मग आपल्या मराठी पेपराने का छापू नये? माझी मुलगी बंगळुरूला रूमवर राहते, तिच्याकडे एक इंडक्शन आणि एकच पातेलं, तिच्यासारखी आपल्या गोव्याची कितीतरी मुलं बाहेर आहेत, तीन भांड्यांची रेसिपी त्यांच्या कामाची नाही. तेव्हा पुरवणीत एका भांड्यातल्या जेवणाचं सदर सुरू करा, आणि प्लीज त्यात पाण्याचं माप मिलीमध्ये द्या, 'अंदाजे' लिहू नका, नवशिक्याला अंदाज कुठून येणार.

आपली,
एक नियमित वाचक, म्हापसा